मोरीबाहेरचं पंचशील

शामराव गमरे परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होता. रंगखात्यातल्या माणसाला एक खोड लागते ती मरेपर्यंत सुटत नाही. कुणाच्या लग्नाला गेला तर तो नवरीकडे बघायच्या आधी मंडपाचं कापड बघतो आणि शेजारच्याला हळूच सांगतो, ‘‘हे दोन ठाण रंगाच्या एका हौदातले नाहीत.’’ शामराव तसाच होता. कालचा निळा आणि आजचा निळा यांत केसाएवढा फरक पडला तरी त्याला जेवण गोड लागत नसे. खात्यात नवीन लागलेल्यांना तो एकच धडा द्यायचा : ‘‘रंग चुकला म्हणून सगळंच बदलाया धावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. चोर आपोआप सापडतो.’’ हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे खुद्द शामरावच ते साफ विसरणार आहे.

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत त्याची एक खोली होती. तिथं तो, त्याची बायको बकुळा आणि आई रखमा अशी तिघं राहत. शामरावकडे चोरबाजारातून आणलेला एक जुना डबाकॅमेरा होता, आणि दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज कामगार मैदानात सभा, उद्या नरे पार्कात, परवा भल्या पहाटे प्रभातफेरी. मोर्चात गेलेल्या प्रत्येकाला आपण तिथं होतो हे घरी दाखवायचं असे. जिन्यात, नळावर, कुठंही माणसं त्याला गाठायची, ‘‘शामराव, मी झेंडा धरलेला तो निघाला काय?’’

असल्याच एका सभेत फोटो काढायला म्हणून तो एका हातगाडीवर चढला, तर तिथं आधीच एक जण कॅमेरा घेऊन उभा. तो चिंतामणी. दादरच्या एका स्टुडिओत डार्करूमचं काम करायचा. दोघांनी एकमेकांना धरून त्या हातगाडीवर तोल सांभाळला आणि तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. घरच्या घरी रोल कसा धुवायचा ते शामरावला चिंतामणीनं शिकवलं.

रोल धुणं म्हणजे काय, हे बकुळानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. सुट्टीची दुपार. मोरीच्या आडोशाला वरपासून खालपर्यंत दोन गोधड्या टांगायच्या, वर कांबळं, फटींत चिंध्या. आत उकिडवं बसायचं आणि काळोखात रोल सोडवायचा. मग त्याची दोन टोकं दोन हातांत धरून तो डेव्हलपरच्या ताटातून खालीवर, खालीवर फिरवत राहायचा. चित्र उमटतं ते याच ताटात. तिथून तो पाण्यात आणि पाण्यातून चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत. हायपोत मुरला की मग उजेडाला भ्यायचं कारण नाही. सगळी मेख त्या पहिल्या ताटात होती. रोल लवकर उचलला तर चित्र फिकं, ताकाच्या निवळीसारखं. उशिरा उचलला तर काळंठिक्कर.

‘‘डेव्हलपरच्या औषधाच्या पुडीवर वेळ छापलाय तो विलायतेतल्या थंडीचा,’’ चिंतामणीनं बजावलं होतं. ‘‘आपल्याकडे पाणी कोमट, काम लवकर होतं. तुझ्या मोरीचा वेळ तुलाच शोधावा लागेल. आणि एकदा सापडला की त्याला सोडू नकोस.’’

पाण्याचं गणित शामरावनं लगेच बसवलं. नळाचं पाणी सकाळी एक आणि दुपारी एक, त्याचा काय भरवसा? माठातलं पाणी तेवढं सारखं गार. प्यायच्या माठाला हात लावला म्हणून बकुळानं अबोला धरला, तेव्हा त्यानं निमूटपणे रोलसाठी वेगळा माठ आणला. औषध दर वेळी ताजं करायचं ठरलं. हात खालीवर करायचे ते पाळण्याला झोका द्यावा त्या लयीत, ना घाई ना सुस्ती. राहता राहिला वेळ. आणि घरात घड्याळ नव्हतं. गिरणगावात घड्याळ हवंय कुणाला? भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की निघायचं. पण शामरावचा रोल धुऊन झाला म्हणून काही गिरणी भोंगा वाजवत नाही.

तो वेळ त्याला रखमानं दिला.

छप्पन साल सरता सरता अख्ख्या चाळीबरोबर गमऱ्यांनीही बौद्ध धम्म घेतला होता. देव्हारे निघाले, पांढरी लुगडी आली, आणि संध्याकाळी पटांगणात लहानथोर मांडी घालून त्रिशरण-पंचशील पाठ करू लागले. भाषा पाली, शब्द नवे. शामरावला ते महिन्याभरात मुखोद्गत झालं. तो पुढे म्हणायचा आणि बाकीचे त्याच्यामागून. रखमाला वाचता येत नव्हतं. तिला एकेक ओळ ऐकून ऐकूनच जिभेवर बसवावी लागे. अशाच एका दुपारी रोल घेऊन मोरीत शिरताना शामराव तिला म्हणाला, ‘‘आये, तू हितं भायेर बसून म्हन. चुकलीस तर आतून सांगतो.’’

रखमा मोरीच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली आणि म्हणू लागली. तिचं म्हणणं म्हणजे पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक घालावी तसं. एक ओळ म्हणायची, थांबायची, ती पोचली असं वाटलं की मग दुसरी. चार शीलं अशी सावकाश व्हायची. पाचवं शील नशापाण्यापासून लांब राहायचं. ते जवळ आलं की रखमा जरा जास्तच थांबे, कारण मांडीजवळची मशेरीची डबी तिला पदराखाली सरकवायची असे. डबी दडली की पाचवं शील खणखणीत. शेगडीपुढे बसलेली बकुळा तोंडात पदर कोंबून हसायची.

तिसऱ्यांदा पंचशील पुरं झालं तेव्हा, आता बास झालं असं वाटून, शामरावनं रोल उचलला. सहज उचलला; त्यात हिशेब काही नव्हता. पण ती निगेटिव्ह चिंतामणीनं उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. झेंड्याचा काळा वेगळा, सदऱ्यांचा काळा वेगळा, माणसांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजून घ्याव्यात. पुढचा रोल तसाच निघाला, त्याच्या पुढचाही तसाच. तीन पंचशिलं हे गमऱ्यांच्या मोरीचं माप ठरलं, आणि त्यानंतर वर्षभर त्या खोलीतून बाहेर पडलेले सगळे फोटो एका हौदातले वाटत.

बकुळाला नकलेचं अंग होतं. सासू खाली पटांगणात गेली की शेजारणींना जमवून ती पाय पसरून बसायची आणि रखमाच्या आवाजात पंचशील सुरू करायची. तीच हाक, तेच थांबणं. एकदा रखमा चष्मा विसरली म्हणून मधूनच परत आली आणि दारात उभी राहून सगळं ऐकत राहिली. शेजारणी पांगल्या. बकुळाचं तोंड एवढंसं झालं. रखमा आत आली, चष्मा घेतला आणि जाता जाता म्हणाली, ‘‘डबी इसारलीस.’’

त्यानंतर बकुळा डबी कधी विसरली नाही.

पुढल्या थंडीत रखमाला धाप लागू लागली. चार शब्द बोलली की छाती भात्यासारखी हलायची. डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणून सांगितलं. ‘‘तू पड आये,’’ शामराव म्हणाला, ‘‘मी माझा म्हनतो.’’ आणि तो मोरीत शिरला, अंधारात स्वतःच तीन वेळा पंचशील म्हणाला आणि रोल उचलला. पंचशील तेच, वेळा त्याच. कुणी म्हटलं म्हणून त्यात काय फरक पडायचा?

रोल फिका निघाला. पुढचाही फिका. माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसता धुरकट डाग.

नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत झाली. शामरावनं आधी पाण्याला दोष दिला आणि माठ बदलला. त्याच दिवशी पुडीही दुसऱ्या कंपनीची आणली, आणि फिल्मही दुसरी. घाबरून त्या दिवशी पंचशीलही आठ वेळा म्हटलं. तो रोल असा काळा निघाला की त्यातून दिवासुद्धा दिसेना. मग त्यानं पुन्हा सगळंच बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे गिरणीत दहा जणांना सांगणारा माणूस घरच्या मोरीत एका वेळी चार गोष्टी बदलत होता आणि चोर मजेत फिरत होता.

त्याच दिवसांत एका सकाळी रखमा आपणहून म्हणाली, ‘‘शामू, माजा येक काढ.’’

शामरावला खरं वाटेना. चाळीतल्या सगळ्यांचे फोटो त्यानं काढले होते, पण आई कधी कॅमेऱ्यासमोर आली नव्हती. गावी होती तेव्हा खेडहून एक फोटोवाला जत्रेला यायचा. तो खोतांच्या अंगणात खुर्च्या मांडायचा, वाण्याच्या ओट्यावर मांडायचा, पण त्यांच्या वाडीच्या अलीकडूनच परत फिरायचा. रखमा तेव्हा तरणी होती, नवं लुगडं नेसून बांधावर उभी राहिली होती. तो आला नाही. ‘‘तवापासून म्हन्लं, आपलं तोंड काय फोटूचं न्हाय,’’ असं ती हसून सांगायची. ते ऐकून शामरावला हसू येत नसे.

तिनं दीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसलं. बकुळानं तिला खिडकीजवळच्या ट्रंकेवर बसवलं. खोलीत उजेड कमी, म्हणून कॅमेरा स्टुलावर ठेवून त्याचा डोळा थोडा वेळ उघडाच ठेवावा लागणार होता.

‘‘आये, मी सांगेपर्यंत अजाबात हलू नको.’’

‘‘कवापत्तुर?’’

‘‘येक पंचशील हुईस्तवर,’’ तो गमतीनं म्हणाला.

‘‘बरं. आन् ह्ये भायेर कुनाला धुवाया देऊ नको, शामू. माजं तोंड हाय. तू धू.’’

शामरावनं ‘‘मीच धुतो’’ म्हणून शब्द दिला, तशी रखमा ताठ बसली. शामरावनं कॅमेऱ्याचा डोळा उघडला, मनात थोडे आकडे मोजले आणि मिटला. रोलवरची ती शेवटची जागा होती.

त्यानंतर पंधरवड्यात रखमा गेली. दुपारी भात जेवली, भिंतीला टेकली, आणि बकुळा पाणी घेऊन आली तर टेकलेलीच होती.

रोल एका पत्र्याच्या डबीत, ट्रंकेत राहिला. आईचा या जगातला एकुलता एक फोटो त्या काळ्या गुंडाळीत होता आणि तो निघणार की जाणार हे शामरावच्या हातांवर होतं. त्या हातांवर आता त्याचाच विश्वास उरला नव्हता. एकदा चुकलेलं कापड पुन्हा हौदात घालता येतं; रोलाला दुसरी खेप नाही. दर सुट्टीला तो ट्रंक उघडायचा, डबी हातात घ्यायचा, पुन्हा ठेवायचा. जेवायला बसला की त्याचं लक्ष खिडकीजवळच्या त्या ट्रंकेकडे जाई आणि भाकरी तशीच हातात राही.

‘‘मला दे,’’ चिंतामणी म्हणाला. ‘‘स्टुडिओत धुतो. मी स्वतः धुतो.’’

‘‘न्हाय. तिला शब्द दिलाय.’’

‘‘मग तू धू, पण पावसाळ्याच्या आत. दमट हवेत असा रोल टिकत नाही, आतलं चित्र विरत जातं. हवं तर मी घड्याळ घेऊन बाहेर बसतो. किती मिनिटं मोजू सांग.’’

‘‘त्येच कुठं ठावं हाय?’’ शामराव म्हणाला.

असा वैशाख उजाडला. एका दुपारी पहिली पाळी संपवून शामराव घरी आला. दार लोटलेलं होतं. आतून त्याला आईचा आवाज आला.

तीच हाक. एक ओळ, मग थांबणं, मग दुसरी. त्यानं दाराच्या फटीतून पाहिलं. आत बकुळा एकटीच मोरीच्या उंबऱ्याशी पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती आणि रखमाच्या आवाजात पंचशील म्हणत होती. आज नक्कल ऐकायला शेजारीण कुणी नव्हती, आणि बकुळाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

शामराव दाराबाहेरच उभा राहिला. त्यानं चपला काढल्या. जेवणाचा डबा खाली ठेवला. कोपऱ्यातल्या बादलीतून पाणी घेऊन पाय धुतले, तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं. आत बकुळानं पंचशील पुन्हा पहिल्यापासून धरलं होतं, तसं सवयीनं त्याच्याही मनात ते सुरू झालं होतं. त्याचं पुरं झालं, दुसरंही सुरू झालं, आणि आत बकुळा अजून तिसऱ्या शीलावरच होती.

पंचा त्याच्या हातात तसाच राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माठ चोर नव्हता, पुडी चोर नव्हती. पटांगणात रोज पुढे होऊन म्हणता म्हणता त्याचं स्वतःचं पंचशील इतकं सराईत, इतकं झपझप झालं होतं की आईचं एक होईपर्यंत त्याची जवळजवळ दोन व्हायची. तो रोल निम्म्या वेळात उचलत होता. माप पंचशिलाचं नव्हतंच. माप आईचं होतं.

बकुळानं त्याला पाहिलं आणि चपापून सूप बाजूला सारलं. ‘‘अवो, चेष्टा न्हाय केली. आत्याबाईंची याद आली की म्हनते. तसं म्हटलं की घरात हायेत असं वाटतं.’’

‘‘तिसऱ्या शीलावर हुतीस,’’ शामराव म्हणाला. ‘‘पुरं कर. डबीसकट.’’

पुढच्या सुट्टीला त्यानं एक साधा रोल धुवायला घेतला. पटांगणातली पोरं, वाळत घातलेले कपडे, असलंच काहीबाही त्यावर होतं. या वेळी रंगखात्यातला माणूस जागा झाला होता. माठ पहिला, पुडी पहिली, ताजं औषध, पाळण्याची लय. बदललं ते फक्त बाहेरचं पंचशील. बकुळा उंबऱ्याशी बसली आणि तीन वेळा म्हणाली. रोल निघाला तो वर्षापूर्वीच्या रोलांशेजारी टांगला तर ओळखू येऊ नये असा. पण दुधानं तोंड पोळलेलं. शामरावनं अजून एक धुऊन पाहिला. तोही तसाच निघाला. मग त्यानं ट्रंक उघडली.

गोधड्या टांगल्या, फटी बुजवल्या. अंधारात त्यानं रोलची डबी उघडली. रोल ताटात उतरला आणि त्यानं आतून हाक दिली, ‘‘हं, बकुळा.’’

बाहेर हाक सुरू झाली. एक ओळ, थांबणं. दुसरी ओळ. पहिलं पंचशील पुरं झालं. दुसरं झालं. शामरावचे हात खालीवर, खालीवर चालले होते. तिसरं सुरू झालं. एक शील, दोन, तीन, चार. मग ती थांबली.

डबी सरकवायची वेळ, शामरावनं मनात म्हटलं. त्यानं वाट पाहिली. हात चालू होते. डबी आता पदराखाली गेली असेल. पाचवं शील आलं नाही. बाहेरून एक बारीक हुंदका आला. ‘‘बकुळा,’’ तो म्हणाला. बाहेर पुन्हा हुंदकाच, आणि ताटात आईचा चेहरा काळा होत चालला होता.

तेव्हा शामरावनंच पाचवं शील धरलं. त्याच्या सराईत चालीनं नाही. एक शब्द म्हटला आणि थांबला. पलीकडच्या शेतात कुणी उभं आहे, त्याला पोचायला वेळ लागणार. मग पुढचा शब्द. आपल्याला असं म्हणता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ओळीच्या मध्यावर बाहेरून बकुळाचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला आणि दोघांनी ते शेवटपर्यंत नेलं. त्यानं रोल उचलला.

हायपोतून काढून झाल्यावर त्यानं गोधडी बाजूला केली. बकुळा डोळे पुसून उभी होती. दोघांनी मिळून ओली फिल्म खिडकीकडे धरली. मोर्चे, झेंडे, एक हातगाडी, आणि सगळ्यांत शेवटी रखमा. निगेटिव्हमध्ये पांढरं लुगडं काळं दिसत होतं, पण लुगड्याची एकेक चुणी मोजता येत होती. कपाळ, हाताच्या शिरा, चष्म्याच्या काड्या, सगळं लख्ख होतं.

‘‘अवो,’’ बकुळा वाकून बघत म्हणाली, ‘‘आत्याबाईंचं तोंड हललंय.’’

हललं होतं. सगळी रखमा दगडासारखी स्थिर होती; फक्त ओठांच्या जागी थोडं पुसट.

शामराव ट्रंकेवर बसला. ‘‘म्याच सांगितलं तिला,’’ तो म्हणाला. ‘‘येक पंचशील हुईस्तवर हलू नको म्हन्लं. ती म्हनत हुती.’’ आणि तो रडला. आई गेली त्या दिवशी तो असा रडला नव्हता.

प्रत त्यानं घरीच केली. फ्रेम करून ती खिडकीच्या वर खिळ्याला लावली, तेव्हा चिंतामणी बघायला आला. बकुळानं चहा केला. चिंतामणीनं फोटो खाली घेऊन उजेडात न्याहाळला आणि काम फर्स्टक्लास उतरलंय म्हणून शामरावच्या पाठीवर थाप मारली. मग फोटोतल्या ओठांवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘एवढंच जरा हललंय बघ. माझ्याकडे बारीक ब्रश आहे. दहा मिनिटांचं काम, कुणाला कळणारही नाही. करू?’’

शामरावनं फोटो त्याच्या हातातून घेतला आणि परत खिळ्याला लावला.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘म्हनू दे तिला.’’